रोल नंबर दहा

पनवेलच्या ख्रिस्ती कॉलेजात मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, तिथे मराठी होतं? दुसरा जरा आवाज खाली आणून, तुम्हाला तिथे धर्माबद्दल कधी काही आग्रह वगैरे? दोन्हींची उत्तरं देऊन टाकते. मराठी होतं, आणि इंग्रजीपेक्षा बरं होतं. आग्रह एकच होता, सकाळी सात वीसला मस्टरवर सही करण्याचा. त्या बाबतीत मात्र मिशनच्या माणसांनी मला पुरतं बदलून टाकलं. आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सहाला डोळा उघडतो आणि करायला काही नसतं.

कॉलेज मिशनच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं. आमच्या स्टाफरूमच्या दारावर, दोनदा रंग देऊनही, ‘जखमा बांधण्याची खोली’ ही अक्षरं पुसट दिसत. नव्या माणसाला वाटे कुणीतरी चेष्टेने लिहिलंय. दोन वर्षं नोकरी केली की त्याचं मत बदले. विद्यार्थी म्हणाल तर आजूबाजूच्या आगरी-कोळी गावांतले, पनवेलच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांचे, आणि नवीन पनवेलच्या सेक्टरांतले नोकरदारांचे. ख्रिस्ती म्हणावेत असे सगळे मिळून एका रिक्षात मावले असते.

प्राचार्य आढावसर नगर जिल्ह्यातले. वडील गावोगाव फिरणारे उपदेशक होते. सर इतिहास शिकवायचे, रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोलायचे, आणि संतांचे अभंग त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होते. मी जातीने ब्राह्मण आणि पेशाने मराठीची अध्यापिका, त्यामुळे हे मला फार काळ खटकत राहिलं. त्यांचा एकच दोष होता. त्यांना खोटं बोलता येत नसे. खाजगी आयुष्यात ते चालून जातं. प्राचार्याला ते परवडत नाही.

बाहेरच्यांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट ठाऊक नसते. प्राध्यापकाची नोकरी विद्वत्तेवर चालत नाही, वर्कलोडवर चालते. आठवड्याचे ठरलेले तास भरले तर तुम्ही पूर्णवेळ. नाही भरले तर तुम्ही ‘सरप्लस’, म्हणजे गोडाऊनमध्ये उरलेल्या मालासारखे, कुठे पाठवतील तिथे जायचं. माझे तास टी.वाय.च्या स्पेशल मराठीवर अवलंबून होते, आणि तो वर्ग चालवायचा तर आमच्याकडे कमीत कमी दहा विद्यार्थी लागत. नव्वदनंतर कधीतरी, एका जूनमध्ये, प्रवेश संपत आले आणि माझ्या वर्गात नावं होती आठ.

मी आढावसरांकडे गेले.

“सर, दोन नावं घालू या. माझ्या शेजारची मुलगी आहे, एस.वाय. झालेली. आणखी एक मी बघते.”

“ती तासाला बसेल?”

“बसणार नाही. नुसतं नाव.”

“मग ते नाव कसलं, लिमयेबाई?” सर म्हणाले. “हजेरीपटावर नाव असलं तर ‘हजर’ म्हणायला गळा पाहिजे.”

“सगळी कॉलेजं असंच करतात, सर.”

“असतील. सह्या त्यांच्या प्राचार्यांच्या असतात.”

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की माझी नोकरी एका माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीपायी जाणार आहे. तो म्हणाला, जगात अशी उदाहरणं फार कमी असतील, लिहून ठेव.

मग मी जुनी रजिस्टरं काढली. रंजना नावाची एक मुलगी आदल्या वर्षी एस.वाय. चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं होतं. सासर उरणच्या वाटेवरचं, खाडीकाठचं एक गाव. एस.टी.ने गेले. पूर्वी मिठागरं असलेली जमीन सरकारने घेतली होती, आणि गावात जुन्या कौलारू घरांच्या मधून नवे बंगले वर आले होते. रंजनाचं सासर अशाच एका बंगल्यात. सासरे धर्माजी म्हात्रे, गाव त्यांना शेठ म्हणे. पन्नाशीच्या जवळ आलेला, उंच, रापलेला माणूस. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट.

रंजनाने चहा आणला आणि दाराशी उभी राहिली. मी स्त्रीशिक्षणावर पंधरा मिनिटं बोलले. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि एकही वाक्य मी त्या कारणासाठी बोलत नव्हते.

“तुमचा सगला पटतंय, बाई,” शेठ म्हणाले. “पन सून एकली येवढ्या लांब येनार कशी? पोरगा माजा कामावं जातो.”

“तुमची जीप आहे ना दारात? तुम्ही सोडा.”

“सोडायची, न् चार तास भाईर बसून र्‍हायचा?”

“बाहेर कशाला? आत बसा की वर्गात,” मी हसत म्हटलं.

ते हसले नाहीत. उठून आत गेले, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद घेऊन आले. मुंबईच्या रात्रकॉलेजच्या मार्कशीट होत्या, एफ.वाय. आणि एस.वाय.च्या, कडा तपकिरी पडलेल्या.

“गोदीत व्हतो तवा केलेली दोन वर्सं. मंग आमचे बाबा वारले, मिठागर कोन बगनार? आलो.” त्यांनी कागद माझ्यासमोर सरळ केले. “येक वरीस र्‍हायलाय. मना घेतील?”

आठ, नऊ, दहा. मी मनात मोजलं. त्या घटकेला त्यांच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाबद्दल माझ्या मनात जी कळकळ दाटून आली, तिच्याबद्दल मी आजवर कुणाला खुलासा दिलेला नाही.

दाराशी उभी असलेली रंजना मात्र पदरात तोंड घालून हसत होती. की रडत होती, मला तेव्हा कळलं नाही. पुढे तिने सांगितलं, दोन्ही.

पात्रतेच्या दाखल्याला महिना गेला. जुलै संपता संपता सासरा आणि सून जीपमधून उतरली. सून दुसऱ्या बाकावर, सासरे शेवटच्या. शेठ आत आले तेव्हा आधीची आठही पोरं उभी राहिली, जी माझ्यासाठी कधी उभी राहत नसत. मी हजेरी घेतली.

“रोल नंबर दहा?”

“हाय.”

वर्गात हशा फुटला. शेठही हसले. तसलं भरदार ‘हाय’ त्या इमारतीत, ती दवाखाना होती तेव्हापासून, कुणी उच्चारलं नसेल. माझी नोकरी त्या एका शब्दाने वाचली.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाची समिती आली. तीन माणसं, एक फाइल. आढावसर त्यांना माझ्या वर्गावर घेऊन आले. अध्यक्षांनी आत नजर टाकली आणि थेट शेवटच्या बाकाकडे जाऊन शेठना नमस्कार केला.

“आपण सिनिअर दिसता. किती वर्षं आहात इथे?”

“तीन आठवडं,” शेठ म्हणाले.

“आणि त्याआधी?”

“मिठागरावं.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. आढावसर शांतपणे म्हणाले, “हे आमचे विद्यार्थी आहेत. आणि त्या त्यांच्या सूनबाई, त्याही विद्यार्थिनी.” समितीच्या अहवालात आमच्या वर्गाबद्दल ‘वैशिष्ट्यपूर्ण’ असा शब्द आला. स्पेशल मराठी वाचलं.

शेठ पहिल्या महिन्यात झोपायचे. व्याकरणाच्या तासाला तर घोरायचे, आणि रंजना मान न वळवता पेन बाकावर आपटून त्यांना उठवायची. पण लोकसाहित्याचा पेपर सुरू झाला आणि त्यांची झोप गेली. तो माझा आवडता पेपर. लोकगीतांवर माझी पीएच.डी. चालू होती. पाच वर्षं खपून प्रबंध संपत आणला होता, आणि त्यातलं चौथं प्रकरण म्हणजे माझा प्राण होता. त्याचं नाव ‘भांग : सौभाग्याची सीमारेषा’.

त्या वर्षी अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आगरी लग्नगीतांचा एक विभाग होता. त्यातल्या एका गाण्यात नवी नवरी सणाला माहेरी जायची म्हणून भावाची वाट बघते, आणि सासू तिला सांगते की आज भांग आहे, भाऊ यायचा नाही. मी त्या ओळीवर तीस पानं लिहिली होती. भांग म्हणजे केसांतला भांग. तो भरला की मुलगी परकी होते. भांगाची ती रेघ म्हणजे तिच्या आणि माहेराच्या मधली भिंत. हा निबंध एका मासिकात छापून आला होता. लोकांनी पत्रं पाठवली होती. एका परिसंवादात तो वाचला तेव्हा दोन बायका रडल्या होत्या.

मी तो अर्थ वर्गात रंगवून सांगितला. पोरं लिहून घेत होती. शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

“बाई, येक इचारू?”

“विचारा ना.”

“ह्यो भांग केसांतला नाय.”

“मग?”

“खाडीतला. अष्टमीच्या सुमाराला भरतीचा पानी कमी चरतं ना, त्याला आमी भांग बोलतो. पुनवंला न् अवसेला उधान, मदी भांग. पयला गाडीरस्ता नव्हता आमच्याकं, सगला व्हडीनं. भांगाला व्हडी गावापरत येत नाय, चिखलात बसते. म्हून सासू बोलते, आज भांग हाय, भाऊस यायचा नाय.” मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. ते घाईने म्हणाले, “तुमचा पन चांगलाच हाय, बाई.”

वर्गात कुणी हसलं नाही. खाडीकाठच्या दोन पोरी माना खाली घालून बसल्या होत्या. त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी फक्त बाईंचं ऐकून घेतलं होतं. शाळेत भूगोल मी ऑप्शनला टाकल्यासारखाच केला होता, नाहीतर भांगाची भरती सातवीच्या पुस्तकात असते हे मला आठवलं असतं.

“लोकभाषेत एका शब्दाचे अनेक अर्थ संभवतात,” मी म्हटलं आणि पुस्तक मिटलं. आमच्या धंद्यात चूक मान्य न करण्यासाठी जी वाक्यं तयार असतात, त्यांतलं हे सर्वांत सभ्य.

पुढच्या रविवारी मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“प्रकरण टाइप झालं?”

“झालं.”

“बाहेरचे परीक्षक नागपूरचे आहेत,” ते म्हणाले. “नागपूरला समुद्र नाही.”

मी हसले. ते हसण्यावारी नेऊन मी परत आले, हे मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं. ते प्रकरण काढलं तर तीनशे पानांची दोनशे सत्तर होत होती, आणि उरलेल्यांत जीव राहत नव्हता. नवं लिहायचं तर आणखी वर्ष. जानेवारीत प्रबंध बांधून विद्यापीठात दिला. काळं कापडी पुठ्ठ्याचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. आढावसरांपुढे प्रत ठेवली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. ज्या माणसापुढे दोन खोट्या नावांचा विषय काढून मी तोंडघशी पडले होते, त्याच्या हातात मी तीस खोटी पानं दिली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या. शेठनी आठवडाभर आधीपासून जीप काढली नाही. सून वाचून दाखवायची आणि ते ओटीवर फेऱ्या घालत ऐकायचे. जूनमध्ये निकाल लागला. रंजनाला फर्स्ट क्लास. शेठ बाकी सगळ्या पेपरांत पास, लोकसाहित्यात तीन मार्कांनी नापास.

रंजना पेढे घेऊन आली. एकटीच आली, एस.टी.ने, एवढं तरी त्या वर्षाने केलं होतं. मी विचारलं, “सगळ्यात सोप्या पेपरात कसे राहिले गं?”

ती थोडा वेळ पेढ्यांच्या खोक्याची दोरी गुंडाळत बसली.

“मॅडम, ते भांगाचं गाणं आलं होतं. दहा मार्कांना.”

“मग?”

“बाबांनी भरतीचं लिहिलं. पाच पानं लिहिली. होडी कुठे अडकते, कुठल्या तिथीला किती पाणी, सगळं. मी त्यांना आधी सांगितलं होतं, बाजारातल्या गाइडमध्ये मॅडमचाच अर्थ आहे, तपासणारे तेच बघणार. ते म्हणाले, मना ठावं हाय तां मी लिवनार.”

“आणि तू?”

“मी तुमचं लिहिलं,” रंजना म्हणाली. “मला पास व्हायचं होतं, मॅडम.”

तो पेपर कुणी तपासला, दहापैकी किती दिले, मला कधी कळलं नाही. कदाचित ते तीन मार्क दुसऱ्याच प्रश्नात गेले असतील. अशी शक्यता मी अनेक वर्षं जपून वापरली.

ऑगस्टमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. नागपूरचे परीक्षक वृद्ध, प्रेमळ गृहस्थ होते. ते म्हणाले, “चौथं प्रकरण विशेष आवडलं. ‘भांग’ या एका शब्दातून तुम्ही केवढं विश्व उलगडलंत!” आता सांगावं, असं मला वाटलं. मी म्हटलं, “आभारी आहे, सर.”

आणि मी डॉक्टर झाले.

आढावसरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या कॉलेजसमोर सत्कार ठेवला. मला नको होता; त्यांना तो माझा विनय वाटला. शेठ आणि रंजना आले होते. शेठनी शाल आणली होती आणि ती पांघरता पांघरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आमच्या गान्यावं बाई डाक्टर झाल्या.” टाळ्या पडल्या. मी खाली बघत होते.

सत्कार संपल्यावर मी आढावसरांच्या केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. भांग, नागपूर, तीन मार्क. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं होतं ते उपदेश करतील. तो ऐकायची मी तयारीही केली होती.

“हे मला कशाला सांगता?” ते म्हणाले. “मी नापास झालेलो नाही.”

दुसऱ्या दिवशी मी प्रबंधाची माझी प्रत घेऊन खाडीवरच्या गावात गेले. शेठ ओटीवर होते. मी चौथं प्रकरण उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि उभ्याउभ्याच बोलले. त्यांनी रंजनाला हाक मारून चष्मा मागवला, आणि वाचायला बसले. तीसच्या तीस पानं वाचली. मी समोर खुर्चीत. इतकी लांब तोंडी परीक्षा मी दिलेली नाही.

“भारी लिवलंय,” शेवटी ते म्हणाले. “माज्या आयेला वाचून दावला असता तर ती पन रडली असती.” मग चष्मा काढला. “तुमी चुकलात, तां काय नाय, बाई. तुमी घाटावरच्या, तुमाला खाडी काय ठावं. पन मी सांगितल्यावं पन तुमी ह्याच दिलात?”

ते रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांना खरोखरच समजत नव्हतं, आणि उत्तराची ते वाट बघत होते. रंजना चहा घेऊन आली म्हणून सुटले.

ऑक्टोबरला ते त्या पेपरला पुन्हा बसले. मी त्यांना सांगायला गेले होते की गाणं आलं तर दोन्ही अर्थ लिहा. ते म्हणाले, “तुमचा तुमी लिवलाय ना? मंग मी कशाला परत?” गाणं आलंच नाही. पास झाले. रंजना पुढे बी.एड. करून उरणच्या एका शाळेत लागली.

मी त्या मासिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. संपादकांनी कळवलं की जुन्या अंकातल्या लेखांवर आता चर्चा घेत नाही. वर्गात मात्र पुढची सगळी वर्षं तो खरा अर्थ शिकवला, कुणी सांगितला हेही सांगितलं. आपली चूक आपण होऊन सांगणारी बाई म्हणून माझं विद्यार्थ्यांत बरंच नाव झालं. म्हणजे त्या चुकीने मला पदवी दिली, आणि कबुलीने कीर्ती. शेठच्या वाट्याला सहा महिने उशीर आला.

शेठ गेले तेव्हा मी निवृत्त झाले होते. त्यांच्या दिवसांना जाऊन आले आणि दोनचार दिवसांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. माझा प्रबंध मागवला. फॉर्मवर ‘वाचनाचे प्रयोजन’ असा रकाना होता, तो रिकामा सोडला. प्रबंध आला. बाकीची पानं कोरी करकरीत होती आणि चौथं प्रकरण हाताळून मळलं होतं. पोरं तेवढंच वाचत होती, तेवढंच उतरवून नेत होती. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि पहिल्या पानाच्या समासात लिहिलं : हा अर्थ चूक आहे. भांग म्हणजे कमी पाण्याची भरती, होडी येऊ शकत नाही. सांगणारे, धर्माजी म्हात्रे, बी.ए.

काउंटरवरची मुलगी धावत आली.

“मॅडम, प्रबंधात लिहायचं नसतं!”

“माझाच आहे,” मी म्हटलं.

तिने पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ठामपणे म्हणाली, “तरीपण नाही लिहायचं.”

मुलीचं बरोबर होतं. तिने खोडरबर आणून माझ्यासमोर ठेवलं आणि काउंटरवर परत गेली. मी प्रबंध मिटला, खोडरबर त्याच्यावर ठेवलं, आणि पनवेलची बस पकडायला निघाले.